ख्रिस्ती ध्वजाची प्रतिज्ञा

प्रतिज्ञा हाही एक वाङ्मयप्रकार आहे, असें म्हटल्यास पुष्कळांना हंसूं येईल. महाकाव्य, नाटक, कादंबरी यांच्या पंक्तीला दोन ओळींचें शपथेचें वाक्य नेऊन बसविणें म्हणजे राजसभेंत चोपदाराला आसन देण्यासारखें आहे, असा आक्षेपही कोणी घेईल. परंतु आपल्यापैकीं किती जणांना एखादी उत्तम कविता पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मुखोद्गत असते, हें ज्यानें त्यानें आपल्याशीं पाहावें. उलट शाळेच्या पटांगणांत रांगेनें उभें राहून रोज सकाळीं म्हटलेली प्रतिज्ञा केस पिकल्यावरही न अडखळतां ओठांवर येते. जें गद्य इतक्या माणसांच्या इतकें अंगवळणीं पडतें, आणि तेंही अर्थ कळूं लागण्याच्या वयापूर्वींच, त्याची भाषा पारखून पाहाण्याचा टीकाकाराला हक्क आहे. किंबहुना तें त्याचें कर्तव्य आहे.

अशा गद्याचा एक नमुना मीं विचारार्थ घेतला आहे. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या प्रार्थनामंदिरांत उपदेशपीठाच्या एका बाजूस राष्ट्रध्वज व दुसऱ्या बाजूस ‘ख्रिस्ती ध्वज’ या नांवाचें निशाण उभें असतें. आणि रविवारच्या शाळेंत किंवा सुटींतील बायबल-शाळेंत मुलें एकापाठोपाठ एक दोन्ही ध्वजांपुढें निष्ठेची प्रतिज्ञा म्हणतात. ख्रिस्ती जीवनांत ध्वजाला व प्रतिज्ञेला स्थान कोणतें, हा प्रश्न या चित्रांत जितका उघड दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. हा परक्यांच्या घरचा प्रश्न आहे, आपणांस त्याचें काय, असें वाटणाऱ्या वाचकांनीं थोडा धीर धरावा. त्याची वाट मुंबईच्या रस्त्यांवरून आणि केरळांतील एका शाळेवरूनही गेलेली आहे.

या ध्वजाची जन्मकथा मोठी साधी आहे. १८९७ सालच्या सप्टेंबरच्या २६ तारखेस न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथें ब्रायटन चॅपेलमध्यें रविवारच्या शाळेचा मेळावा होता. ठरलेले वक्ते आले नाहींत. (आपल्याकडील व्याख्यानमालांच्या चिटणिसांना या प्रसंगाची कल्पना सहज येईल.) तेव्हां शाळेचे अधीक्षक चार्ल्स ओव्हर्टन यांना आयत्या वेळीं उभें राहावें लागलें. समोर राष्ट्रध्वज होता. त्याच्याकडे पाहून ते बोलूं लागले, आणि बोलतां बोलतां, ख्रिस्ती लोकांचा असा एक ध्वज असता तर तो कसा असता, हा प्रश्न त्यांनीं श्रोत्यांपुढें टाकला. पुढें दहा वर्षांनीं, १९०७ मध्यें, राल्फ डिफेन्डॉर्फर या मेथॉडिस्ट कार्यकर्त्याच्या साह्यानें तो प्रत्यक्षांत आला: पांढरी भूमि, वरच्या कोपऱ्यांत निळा चौकोन, आणि त्यांत तांबडा क्रूस. रंग तिन्ही राष्ट्रध्वजाचेच. १९०८ मध्यें लिन हॅरल्ड हाउ या मेथॉडिस्ट पाळकानें त्याची प्रतिज्ञा लिहिली, आणि १९४२ मध्यें तेथील मंडळ्यांच्या संघानें ध्वजाला मान्यता दिली. कोणत्याही एका पंथानें त्यावर मालकी सांगितली नाहीं, ही गोष्ट त्याच्या जनकांच्या उदारपणाची साक्ष म्हणून नमूद करावयास हवी.

आतां प्रतिज्ञेकडे वळूं. तिचा आशय असा: ख्रिस्ती ध्वजाशीं, आणि ज्या तारणाऱ्याच्या राज्याचें तो प्रतीक आहे त्या तारणाऱ्याशीं, मी निष्ठेची प्रतिज्ञा करतों, तें राज्य म्हणजे सेवेनें व प्रीतीनें अखिल मानवजातीला जोडणारा एक बंधुभाव. हें वाचतांच अमेरिकन शाळांतील राष्ट्रीय प्रतिज्ञा ज्याला ठाऊक आहे त्याच्या कानांत एक ओळखीची लय घुमूं लागते. ती प्रतिज्ञा १८९२ मध्यें फ्रान्सिस बेलामी यानें लिहिली आणि ‘यूथ्स कंपॅनियन’ या मुलांच्या नियतकालिकांत, कोलंबसाच्या चौथ्या शतसांवत्सरिकाच्या निमित्तानें, ती छापली गेली. तींत ध्वज आहे, ध्वज ज्याचें प्रतीक आहे तें प्रजासत्ताक आहे, एक अविभाज्य राष्ट्र आहे, आणि शेवटीं सर्वांना स्वातंत्र्य व न्याय आहे. हाउनें प्रजासत्ताकाच्या जागीं तारणारा व त्याचें राज्य, राष्ट्राच्या जागीं बंधुभाव, आणि स्वातंत्र्य व न्याय यांच्या जागीं सेवा व प्रीति घातली. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापलेली असे. एखाद्या लोकप्रिय लावणीच्या चालीवर भक्तिपर पद रचलेलें असलें म्हणजे शब्द देवाचे असतात, पण ऐकणाऱ्याचा पाय लावणीच्याच ठेक्यावर हलतो. हाउच्या प्रतिज्ञेचें तसें झालें आहे.

मूळ चाल बेलामीची, हेंही गमतीचें आहे. कारण बेलामी स्वतः बाप्टिस्ट पाळक. तो ख्रिस्ती समाजवादी विचारांचा होता, आणि त्या विचारांपायीं बोस्टनमधील आपलें उपदेशपीठ सोडून नुकताच बाहेर पडला होता. या धर्मोपदेशकाच्या लेखणींतून उतरलेल्या राष्ट्रीय प्रतिज्ञेंत देवाचें नांव नव्हतें. तें घातलें १९५४ मध्यें, रशियाशीं वितुष्टाच्या काळांत, अमेरिकन काँग्रेसनें. त्यापूर्वीं १९२३ मध्यें ‘माझा ध्वज’ हे शब्द काढून देशाचें नांव घालण्यांत आलें. परदेशांतून येऊन राहिलेल्या मुलाच्या मनांत ‘माझा ध्वज’ म्हणतांना आपल्या जन्मभूमीचा ध्वज उभा राहील, ही भीति! बेलामीच्या मूळ वाक्यांत एक आटोपशीरपणा होता, गद्याचा डौल होता. प्रत्येक दुरुस्तीनें तो डौल थोडा कमी झाला. संशयी माणसानें आपल्या पेटीला आणखी एक कुलूप लावावें, तसे हे शब्द मागाहून लावलेले दिसतात.

हाउच्या वाक्यांतील दोष याहून खोल आहे. राष्ट्र ही डोळ्यांना न दिसणारी वस्तु आहे. तिला ध्वजाची गरज लागते, म्हणून ‘ध्वज ज्याचें प्रतीक आहे’ हा शब्दप्रयोग बेलामीच्या वाक्यांत सार्थ ठरतो. ख्रिस्ती मंडळीला मात्र तिच्या प्रभूनें चिन्हें अगोदरच देऊन ठेवलेलीं आहेत: पाणी, भाकर आणि द्राक्षारस. हीं तिन्ही घरांतलीं, खाण्यापिण्यातलीं. ध्वज रणांगणांतून आलेला आहे. आपला कोण व परका कोण हें धुळींतून ओळखतां यावें म्हणून तो उंच धरावयाचा. दुसरा ध्वज नसता तर पहिल्याचें प्रयोजनच उरलें नसतें. अखिल मानवजातीला जोडणाऱ्या बंधुभावाला दुसरी बाजू कोठली? ज्या वाक्याचा उत्तरार्ध सर्वांना कवेंत घेतो, त्याचा पूर्वार्ध हातीं निशाण घेऊन उभा आहे, आणि ही विसंगति लेखकाच्या ध्यानांत आली असावी असें वाक्यावरून दिसत नाहीं. ती पुढें दुसऱ्यांच्या ध्यानांत आली, पण त्यांनीं उपाय भलताच केला. कांहीं सनातनी वृत्तीच्या मंडळ्यांनीं शेवट बदलून तेथें क्रूसावर खिळलेला, पुन्हा उठलेला व पुन्हा येणारा तारणारा आणला, आणि जीवन व स्वातंत्र्य ‘विश्वास ठेवणाऱ्या सर्वांना’ देऊं केलें. या पाठांत ध्वज आणि शब्द यांचा मेळ बसला खरा. मात्र तो बसविण्यासाठीं मानवजात बाहेर ठेवावी लागली. एका शब्दाच्या फरकानें किती माणसें दाराबाहेर राहातात, हें पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यांनीं पाहाण्याजोगें आहे.

ध्वज व शपथ या दोहोंशीं ख्रिस्ती मनाचें नातें पहिल्यापासूनच अवघड आहे. लॅटिन भाषेंत ‘साक्रामेंतुम्’ असा शब्द आहे. रोमन शिपाई सैन्यांत दाखल होतांना सेनापतीशीं व सम्राटाशीं निष्ठेची जी शपथ घेई तिचें हें नांव. पुढें हाच शब्द ख्रिस्ती लोकांनीं उचलला आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन वगैरे संस्कारांना लावला; आजच्या युरोपीय भाषांत तो त्याच अर्थीं रूढ आहे. या दोन अर्थांच्या मधोमध एक नामांकित पत्र आहे. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी यानें सम्राट ट्राजन यास ख्रिस्ती लोकांविषयीं कळविलें कीं, ते ठराविक दिवशीं पहांटेपूर्वीं जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, आणि ‘साक्रामेंतुम्’नें स्वतःस बांधून घेतात. ही गुप्त शपथ बंडाची असावी असा सुभेदाराला वहीम होता. चौकशीअंतीं निघालें काय? चोरी करणार नाहीं, दरोडा घालणार नाहीं, व्यभिचार करणार नाहीं, दिलेला शब्द मोडणार नाहीं, कोणी विश्वासानें ठेवलेली ठेव नाकबूल करणार नाहीं! शपथेचें नांव तेंच राहिलें, पण तिचें तोंड सेनापतीकडून शेजाऱ्याकडे वळलें. ख्रिस्ती प्रतिज्ञेचा याहून सुंदर मसुदा मला ठाऊक नाहीं. आणि तो आपणांस एका विरोधी अधिकाऱ्याच्या दप्तरांतून मिळावा, ही इतिहासाची थट्टाच म्हणावयाची.

कार्थेजच्या टर्टुलियननें हा विरोध आणखी तीव्र केला. रोमन छावणीचा सारा धर्म म्हणजे निशाणांची पूजा, शिपाई शपथ वाहातो तीही निशाणांचीच, असा टोमणा त्यानें मारला. आणि वर खोंचकपणें दाखवून दिलें कीं, ज्या क्रूसावरून तुम्ही आम्हांस हंसतां त्याच आकाराच्या दांडीवर तुमचीं निशाणें टांगलेलीं असतात. टर्टुलियन हा कांहीं समतोल लेखक नव्हे. वकिली बाणा, प्रतिपक्षाला चिमटे काढण्याची हौस आणि अतिशयोक्ति हीं त्याच्या शैलींतून वजा केल्यास फार थोडें शिल्लक राहील. परंतु देवाची शपथ व माणसाची शपथ एका जिवाला दोन धन्यांना देतां येत नाहीं, या त्याच्या म्हणण्याला पुढें माणसांनीं प्राण देऊन पुष्टि दिली. इ. स. २९८ मध्यें टांजियर येथें मार्सेलस नांवाच्या शतपतीनें पलटणीच्या निशाणांपुढें आपला कमरपट्टा काढून टाकला आणि त्याला देहान्त शिक्षा झाली. त्यानंतर अवघ्या चौदा वर्षांनीं कॉन्स्टन्टाइनच्या सैन्यानें ख्रिस्ताच्या नांवाचीं आद्याक्षरें मिरवीत लढाई जिंकली. यापुढें निशाणापुढें कमरपट्टा सोडणें कठीण झालें. निशाणावर आतां ख्रिस्तच होता.

खुद्द येशूची शिकवण या बाबतींत गोंधळांत टाकणारी नाहीं. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनांत शपथच वाहूं नये, होय तें होय व नाहीं तें नाहीं इतकेंच बोलणें असावें, असें स्पष्ट सांगितलें आहे. ज्याचें साधें बोलणें खरें नाहीं त्यालाच शपथेचा आधार लागतो, असा त्याचा रोख. गळ्याची आण घेणाऱ्या माणसावर आपल्या खेडेगांवांतील शहाणी म्हातारी विश्वास ठेवीत नाहीं, तेंच हें. तरीही बहुतेक मोठ्या पंथांनीं या वचनाला सोयीस्कर अपवाद शोधले. इंग्लंडच्या मंडळीच्या एकुणचाळीस धर्मकलमांपैकीं शेवटचें कलम न्यायाधीशापुढील शपथेला मोकळीक देण्यासाठींच आहे. वचन अक्षरशः पाळलें तें लहान पंथांनीं. १५२७ मध्यें श्लाइटहाइम येथें जमलेल्या पुनर्बाप्तिस्मावाद्यांनीं शपथ वर्ज्य केली. क्वेकर लोकांनीं त्यापायीं तुरुंग भोगले, आणि अखेर सतराव्या शतकाच्या शेवटीं इंग्लंडांत शपथेऐवजीं गंभीर कथनाची सवलत मिळविली. आपल्या राज्यघटनेंतही मंत्र्यांना व न्यायाधीशांना देवाच्या नांवानें शपथ घ्यावी कीं गांभीर्यपूर्वक दृढकथन करावें, अशी निवड ठेवलेली आहे. ती वाट प्रथम कोणीं चालून पाडली, हें तेथें उभ्या राहाणाऱ्यांपैकीं कितींना आठवत असेल? भीष्माच्या देशांत तरी प्रतिज्ञेचा धोका समजावून सांगण्याची गरज नसावी. सभेंत द्रौपदीची विटंबना होत असतां तो जो खालीं मान घालून बसला, त्याचें एक कारण त्याची सिंहासनाशीं बांधलेली निष्ठा हेंही होतें.

मुंबईकरांनीं ख्रिस्ती ध्वज रस्त्यावर पाहिला तो १८८२ मध्यें. त्या सप्टेंबरांत मुक्तिफौजेची पहिली तुकडी येथें उतरली. माणसें अवघीं चार. नायक फ्रेडरिक टकर. येथील सनदी नोकरी सोडलेल्या या साहेबानें देशी पोशाख केला आणि फकीरसिंग हें नांव घेतलें. निशाण व वाद्यें घेऊन मिरवणूक काढल्याबद्दल पोलिसांनीं त्यांना धरलें. गोऱ्या माणसानें नेटिव्ह वेषांत वाजत-गाजत जावें, यांत सरकारला आपल्या प्रतिष्ठेला धोका दिसला असावा. मुक्तिफौजेचें निशाण तांबडें, निळ्या कडांचें. तिच्या ‘सैनिकाला’ युद्धकलमांवर सही करून त्या निशाणाखालीं दाखल व्हावें लागतें. आणि याच फौजेच्या जनरल बूथनें १८८३ मध्यें बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन्ही संस्कार बंद केले. त्याचीं कारणें निराळीं होतीं, व प्रामाणिकही होतीं. तरी शब्दाच्या इतिहासाकडे पाहाणाराला यांत एक विलक्षण वर्तुळ दिसतें: जो शब्द छावणींतून निघून वेदीवर गेला होता, तो निशाणाखालीं परत आला, आणि वेदी रिकामी झाली. मात्र दारुड्यांना, भणंगांना व तुरुंगांतून सुटलेल्यांना जवळ करण्यांत या फौजेनें जें केलें तें पाहातां तिच्या निशाणावर टीका करतांना माझा हात आंखडतो. तिनें तें निशाण बहुधा अशाच वस्त्यांत नेलें, जेथें दुसरें कोणी आपलें निशाण नेत नसे.

येथें सहज आपल्या वारकऱ्याची पताका डोळ्यांपुढें येते. ती खांद्यावर असते, तिच्यापुढें कोणी हात जोडून निष्ठेचें वाक्य म्हणत नाहीं. वारकऱ्याचें व्रत आहे तें गळ्यांतील तुळशीच्या माळेशीं, एकादशीशीं आणि वारीशीं. पताका त्याच्याबरोबर नुसती चालते. १८९५ मध्यें ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांना ही वाट मनापासून ठाऊक होती, आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्यें, त्यांनीं आपल्या मंडळाला नांव दिलें ‘देवाचा दरबार’. दरबार हाही राजसत्तेचाच शब्द, हें खरें. पण त्यांत रणांगण नाहीं.

ध्वजापुढें न बोलणाऱ्यांचा इतिहास मला या सर्वांत अधिक बोलका वाटतो. पेनसिल्व्हानियांतील मायनर्सव्हिल गांवीं १९३५ मध्यें यहोवाच्या साक्षीदार पंथाच्या लिलियन व विल्यम गोबायटस या बहीणभावांनीं राष्ट्रध्वजाला वंदन करण्याचें नाकारलें. ती बारा वर्षांची, तो दहा. शाळेनें त्यांना काढलें. १९४० मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें आठ विरुद्ध एक मतानें शाळेचें करणें योग्य ठरविलें, आणि देशभर या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले. तीनच वर्षांनीं, १९४३ च्या जूनच्या १४ तारखेस, त्याच न्यायालयानें पश्चिम व्हर्जिनियांतील अशाच खटल्यांत आपला निर्णय फिरविला. तो दिवस तेथें ध्वजदिन म्हणून पाळतात, आणि युद्ध ऐन भरांत होतें. १९८५ मध्यें केरळांतील त्याच पंथाचीं तीन भावंडें राष्ट्रगीताच्या वेळीं आदरानें उभीं राहात, पण गात नसत, म्हणून शाळेबाहेर घालविलीं गेलीं. १९८६ च्या ऑगस्टमध्यें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें, न्यायमूर्ति चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालपत्रानें, त्यांना परत घेण्यास लावलें. त्या पंथाचीं मतें मला पटत नाहींत, आणि राष्ट्रगीत गातांना माझा स्वतःचा कंठ दाटून येतो. परंतु मुलांचें तें मौन हेंही एका प्रतिज्ञेचेंच पालन होतें, ही गोष्ट दोन्ही न्यायालयांना कळली, याचें समाधान वाटतें.

जर्मनींत याच काळांत उलट दृश्य होतें. १९३८ मध्यें प्रशियाच्या प्रॉटेस्टंट मंडळीच्या कारभाऱ्यांनीं आपल्या पाळकांना हिटलरशीं निष्ठेची शपथ घेण्याचा हुकूम सोडला. बहुतेकांनीं घेतली. मग पक्षाच्या वरिष्ठांकडून खुलासा आला कीं, या शपथेला आम्ही कांहीं महत्त्व देत नाहीं! न मागितलेली निष्ठा अशी धुळीस मिळाली. कार्ल बार्टनें त्यापूर्वीं चार वर्षें बॉन विद्यापीठांत, ‘ख्रिस्ती म्हणून मला शक्य असेल तेथवर’ एवढी पुस्ती जोडून शपथ घेण्याची तयारी दाखविली होती. पुस्तीवांचून घेत नाहीं म्हणून त्याची खुर्ची गेली. १९४४ च्या ऑक्टोबरांत दक्षिण टायरोलमधील योझेफ मायर-नुस्सर याला जबरदस्तीनें एस. एस. दलांत भरती केलें असतां, देवाच्या नांवानें हिटलरची शपथ मी घेऊं शकत नाहीं, असें त्यानें रांगेंतून सांगितलें. तो घरीं बायको व तान्हें मूल ठेवून आलेला होता. पुढल्या फेब्रुवारींत डाखाउच्या वाटेवर आगगाडींत त्याचा अंत झाला. २०१७ मध्यें रोमन मंडळीनें त्याला धन्यपदाला चढविलें.

हाउची प्रतिज्ञा या माणसांच्या शेजारीं ठेवून वाचावी. बार्टच्या त्या पुस्तीला तींत कोठें जागा आहे काय? राष्ट्राची प्रतिज्ञा आणि तारणाऱ्याची प्रतिज्ञा मूल एका दमांत म्हणतें. दोहोंत तंटा पडल्यास कोणती वरचढ, हें त्याला कोणी सांगत नाहीं, कारण दोन्हींची चाल एकच असल्यामुळें तंट्याची शंकाच त्याला येऊं नये. मायर-नुस्सरच्या नकाराला असें पाठांतर उपयोगी पडलें नसतें. बिथिनियांतल्या त्या पहांटेच्या लोकांची शपथ पडली असती, कारण तींत प्रत्येक कलम एखाद्या प्रत्यक्ष माणसाशीं बांधलेलें होतें: ज्याची ठेव आहे, ज्याला शब्द दिला आहे. आपल्या शाळांतील प्रतिज्ञेचा, १९६२ मध्यें पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनीं तेलुगूंत लिहिलेल्या त्या वाक्यांचा, येथें गौरवानें उल्लेख करावासा वाटतो. तिच्यांत ध्वजाचें नांव नाहीं. निष्ठा देशाशीं आणि देशबांधवांशीं आहे, आणि आईबाप, गुरुजन हींही तींत येऊन बसलेलीं आहेत. तिचें गद्य कांहीं ठिकाणीं सैल आहे, पण तिची नजर माणसांवर आहे.

हाउवर अन्याय होऊं नये म्हणून एवढें सांगितलें पाहिजे कीं, १९०८ मध्यें, राष्ट्राराष्ट्रांचीं आरमारें वाढत असतां, मुलांच्या तोंडीं अखिल मानवजात घालणें ही लहान गोष्ट नव्हती. पण त्याच्या ध्वजाची जागा पुढें दुसऱ्यांनीं ठरविली. अमेरिकेच्या ध्वजसंहितेप्रमाणें प्रार्थनामंदिरांत राष्ट्रध्वज पाळकाच्या उजव्या हातास, मानाच्या जागीं असावा. इतर कोणतेंही निशाण डाव्या हातास. राष्ट्रध्वजावर दुसरें निशाण चढविण्याची मुभा त्या संहितेंत मंडळीच्या निशाणाला एकाच प्रसंगीं दिलेली आहे: समुद्रावर, आरमारी धर्मगुरु खलाशांसाठीं उपासना चालवीत असतां, ती संपेपर्यंत.